सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग झोप का नाही? सुयांबद्दल विचारणाऱ्या ताईंना

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंनी विचारलंय. वय ४६, खासगी बँकेत नोकरी, घरी आजारी सासरे, मुलगा बारावीत. वर्षभर झालं, पहाटे तीनला खाडकन जाग येते आणि पाचपर्यंत डोळे टक्क उघडे. सकाळी उठल्यावर जबडा आवळलेला असतो, छातीवर पाट ठेवल्यासारखं वाटतं. ईसीजी, थायरॉइड, साखर, सगळं ठीक. पाच महिन्यांपासून रात्री झोपेची अर्धी गोळी चालू आहे. नणंदेनं अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुयांचा चिनी उपचार, सुचवला, म्हणून त्यांचे प्रश्न: यानं खरंच ताण कमी होतो का, दुखतं का, किती वेळा यावं लागतं, गोळी सोडता येईल का? आणि जाता जाता एक: 'दर मंगळवारी माझा उपास असतो, त्या दिवशी सुया लावल्या तर चालतं का?'

ताई, उपासाचं उत्तर शेवटी देते. त्यात माझी एक फजिती आहे.

मी मुळात एमबीबीएस. नंतर कोलकात्याला जाऊन सुया शिकले आणि २३ वर्षं झाली, इथे रामबागेत बसते. कोलकाताच का, असं लोक विचारतात. मराठी माणसाला चीन आणि डॉक्टर म्हटलं की सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि पुष्कळांना वाटतं की ही विद्या त्यांनीच आणली. कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तिथे सुया शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. म्हणून बंगालमध्ये ही विद्या जुनी. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये तिच्यासाठी कायदाही केला. केंद्र सरकारची स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता आली ती फार उशिरा, फेब्रुवारी २०१९ मध्ये.

आता तुमचं. इंदूरच्या मराठी घरांतून माझ्याकडे 'मला ताण आहे' असं म्हणत फारसं कुणी येत नाही. येतात ते 'घबराहट होते', 'डोकं भणभणतं', 'पोटात गोळा येतो', 'काहीच करावंसं वाटत नाही' असं सांगत. मला ते बरं वाटतं. ताण हा शब्द फार मोठा आहे, त्यात नवऱ्यापासून नोकरीपर्यंत सगळं मावतं. जबडा, पोट, छाती, पहाटेचे तीन यांचं मात्र काही करता येतं.

सुईनं सासरे बरे होणार नाहीत, बँकेचं टार्गेट कमी होणार नाही. होतं ते एवढंच, की अंगात सतत चालू असलेला पहारा थोडा वेळ उठतो. धोका दिसला की छाती धडधडते, श्वास वर चढतो, दात आवळले जातात, पचन थांबतं. वाघ समोर असेल तर हे सगळं कामाचं. तुमचा वाघ महिनाअखेरीला येतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो, त्यामुळे पहारेकरी झोपतच नाही. शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तसंही पहाटेकडे चढायला लागतं. ज्याचा पहारा आधीच कडक, त्याला त्या चढावर जाग येते. चिनी वैद्यकात रात्री एक ते तीन ही यकृताची वेळ मानतात, आणि तिथला जुना वैद्य तुम्हाला 'यकृताची ची अडलीय', म्हणजे तिथली प्राणशक्ती अडलीय, असं सांगेल. मी तो नकाशा वापरते, कारण त्यावरून कुठे सुई लावायची ते ठरवायला सोपं जातं. पण म्हणून तुमच्या यकृताला काही झालंय असं समजू नका, आणि लिव्हरची तपासणी करायला धावू नका.

पहिल्या दिवशी मी सुई हातात घ्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास नुसतं विचारते. रात्री जेवता किती वाजता? बँकेत चहा किती कप, शेवटचा कधी? घोरता का? पाळी नियमित आहे की मागेपुढे होते? ४६ व्या वर्षी हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण पाळी जायच्या सुमाराला पहाटेची जाग, घाम, धडधड हे सगळं येतं आणि त्यावर वेगळे उपाय आहेत. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तुमच्या यादीत दिसलं नाही, ते करून घ्या. जबड्यासाठी एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ते दातांवर बसवायचं कव्हर करून देतात, आणि माझ्या सुयांपेक्षा ते लवकर आराम देतं. एक गृहस्थ माझ्याकडे निद्रानाशासाठी महिनाभर येत होते. मग कळलं, रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, भुट्ट्याचा कीस आणि वर रबडी, आठवड्यातून चारदा. त्यांना मी सुया लावत होते! माझीच चूक, पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

मग टेबल. उताणं झोपायचं, गुडघ्यांखाली लोड, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, पायांवर चादर. सुई पाहून घ्या म्हणून मी मुद्दाम हातात देते. जाडी ०.२५ मिलिमीटर, भरीव, टोक निमुळतं. इंजेक्शनची २४ नंबरची सुई साधारण ०.५५ मिलिमीटर असते, आतून पोकळ आणि टोकाला तिरपी कापलेली, म्हणून ती कापत जाते. ही सुई कापत नाही, वाट काढत जाते. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं. छोटी प्लॅस्टिकची नळी त्वचेवर टेकवायची, तिच्यातून सुईचं डोकं जरासं वर राहतं, त्यावर बोटानं एक टिचकी. बहुतेकांना ती टिचकीच कळते. नळी काढायची आणि मग सुई हळूहळू, फिरवत, आत.

दुखतं का याचं खरं उत्तर आता येतं. त्वचेतून जाताना मुंगी चावल्याइतकं, कधी तेही नाही. पण ठरलेल्या खोलीवर पोहोचली की एक वेगळीच जाणीव होते. जडपणा, ओढ, आतून फुगल्यासारखं, कधी हातभर पसरलेली झिणझिण. चिनीत तिला 'दे-ची' म्हणतात. आमच्या एका आजीबाईंनी तिचं वर्णन केलं होतं: 'दुखत नाही गं, पण तिथं कुणीतरी बसलंय असं वाटतं.' याहून नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. कळ उठली, चटका बसला, अंगातून वीज गेल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं, सुई नसेजवळ किंवा बारीक रक्तवाहिनीजवळ असते. थोडी मागे घेतली की थांबतं. सहन करत पडून राहणाऱ्या बायका मला नको असतात, आणि आपल्याकडे त्याच जास्त.

तुमच्यासारख्या तक्रारीला माझ्या सुया फार नसतात, सात-आठ. एक भुवयांच्या मध्ये, जिथे कुंकू लावतो तिथून किंचित खाली, यिनतांग नावाच्या बिंदूवर. ती आडवी, त्वचेखालून जाते. एक डोक्याच्या टाळूवर. दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला शेनमन किंवा नेइग्वान. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या खोबणीपासून दोन बोटं वर, पावलावर, ताइचोंग. जबड्यासाठी कानापुढे गालाच्या स्नायूत एकेक. मग दिवा मंद, पंखा हळू आणि २५ मिनिटं मी खोलीबाहेर. फोन माझ्या टेबलावर राहतो. यावर भांडणं होतात, पण मी ऐकत नाही.

साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला पोट गुडगुडतं. रामबागेतलेच एक निवृत्त सर या आवाजानं इतके ओशाळले, की 'सॉरी, सकाळी पोहे जरा जास्त झाले' म्हणाले. पोह्यांचा दोष नव्हता. पचन पुन्हा सुरू झालं याचा तो आवाज. पहारा उठला की आतडी कामाला लागतात, लाळ सुटते, श्वास पोटात उतरतो, खांदे टेबलाला टेकतात. मला मशीन लावायची गरज पडत नाही, मी पोटाचा आवाज ऐकते.

आता तुम्ही न विचारलेला, पण विचारायला हवा असा प्रश्न. हे सुईनं होतं, की अर्धा तास कुणी न बोलावता पडून राहिल्यानं? प्रामाणिक उत्तर: दोन्हींनी, आणि कुणाचा वाटा किती हे मला वेगळं काढता येत नाही. सुई टोचली की त्वचा आणि स्नायूतल्या नसांतून निरोप मज्जारज्जूत आणि मेंदूत जातो आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन वगैरे, सोडतं, हे १९७०च्या दशकापासून तपासलं गेलंय. ती रसायनं अडवणारं नॅलोक्सोन दिलं की सुईचा परिणाम कमी होतो असं प्रयोगांत दिसलं. हा भाग काल्पनिक नाही. पण जर्मनीत पाठदुखीवर ११६२ रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये छापून आली. नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के लोकांना फरक पडला, नेमक्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना, आणि मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना! ती पाठदुखीची चाचणी होती, ताणाची नव्हती. तरी वाचल्यावर मी दोन दिवस गप्प होते. ३६१ बिंदू पाठ करण्यात घालवलेली वर्षं डोळ्यांपुढून गेली. आज माझं मत असं आहे, की सुई कुठे लागते यापेक्षा ती लागते, शांतपणे लागते आणि लावणारा माणूस घाई करत नाही याला जास्त किंमत आहे. माझ्या व्यवसायातल्या पुष्कळांना हे आवडत नाही.

मनाच्या बाजूचं म्हणाल तर ब्रिटनमधली २०१३ ची एक चाचणी मला भरवशाची वाटते. नैराश्याचे ७५५ रुग्ण, तीन गट: नेहमीच्या उपचारांवर राहिलेले, त्यांच्याबरोबर सुया घेतलेले, आणि त्यांच्याबरोबर समुपदेशन घेतलेले. तीन महिन्यांनी सुयांचा आणि समुपदेशनाचा गट, दोन्ही पहिल्यापेक्षा बरे होते, आणि आपसात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे बोलून मोकळं होण्याइतकाच उपयोग. आमच्या समाजात समुपदेशकाकडे जायला पाय उचलत नाही, सुया लावायला मात्र नणंदसुद्धा पाठवते. तेव्हा ही वाट उपयोगी आहे. पण वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानं नैराश्यावरच्या एकूण पुराव्याचा दर्जा कमी ठरवलाय, तेही सांगितलंच पाहिजे. कुणी 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणत असेल तर चप्पल घालून बाहेर या.

किती वेळा? मी आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, अशा सहा बैठका सांगते. त्या काळात एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहायच्या: पहाटे जाग आल्यावर पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला, सकाळी जबडा दहापैकी किती आवळलेला होता, आणि दिवसभरात चहा किती झाला. 'बरं वाटतंय' असं लिहायचं नाही. सहाव्या बैठकीला वही उघडायची. तीनला जाग येते पण दोन तासांऐवजी वीस मिनिटांत डोळा लागतो, एवढं झालं तरी मी त्याला फरक म्हणते, आणि मग आठवड्यातून एक, पंधरा दिवसांतून एक असं करत महिना-दीड महिन्यात थांबते. वहीत काहीच हललं नसेल तर सातवी बैठक नको. आगाऊ पैसे भरून वीस बैठकांचं पॅकेज घेऊ नका, कुणाकडेच.

लोकमान्यनगरच्या एक बाई माझ्याकडे आठ वेळा आल्या. टेबलावर घोरायच्या, घरी गेल्यावर पुन्हा तेच. आठव्या दिवशी बोलता बोलता निघालं, की दिरांनी घराच्या कागदांवर सही मागितली आहे आणि त्या वर्षभर ती टाळताहेत. मी म्हटलं, तुम्ही वकिलाकडे जा, माझे पैसे वाचवा. त्या रागावून गेल्या. दिवाळीला मात्र चिवडा घेऊन आल्या होत्या.

गोळीचं नीट ऐका. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण झोपेसाठी अर्धी गोळी म्हणजे बहुधा क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम. पाच महिन्यांनंतर ती एकदम बंद केली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, घबराहट दुप्पट होते, आणि क्वचित फिटही येऊ शकते. मग माणसाला वाटतं, आजार वाढला. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांच्याच सांगण्यानं ती हळूहळू, कित्येक आठवड्यांत, कमी करायची असते. सुया त्या उतारावर आधार देतात, उतार त्या ठरवत नाहीत. माझ्याकडे एक पेशंट अशी आली होती, जिला दुसरीकडे सुया लावणाऱ्यानं पहिल्याच दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या फेकायला सांगितलं होतं. ती आली तेव्हा दाब १९०च्या वर होता. त्या दिवशी सुया नाहीत, सरळ कॅज्युअल्टी.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण पत्रात कुणी लिहीत नाही. कधी 'नको हे जगणं' असं मनात येतं का? येत असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. सुया नंतर.

सुरक्षित आहे का, तर शिकलेल्या हातात बरीच. ब्रिटनमध्ये २००१ साली दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकीत तीस हजारांवर उपचारांची नोंद. गंभीर इजा एकही नाही. निळा डाग, थेंबभर रक्त, नंतरची गुंगी हे चालायचंच. पहिल्या दिवशी स्वतः स्कूटर चालवत येऊ नका. पण खांद्याच्या वर आणि छातीवर खोल सुई चुकली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं, म्हणून तिथे हात सांभाळून चालवणारा माणूस हवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, गरोदरपण हे आधी सांगायचं. काही जण सुयांना हलकी वीज जोडतात, पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही. आणि सुई एकदाच वापरायची. इंदूरकर ओला, सुका करत कचऱ्याचे सहा भाग करतो, सकाळी गाडीचं गाणं ऐकून डबे घेऊन धावतो. माझ्याकडच्या सुया मात्र त्या गाडीत जात नाहीत. त्या न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात आणि तो डबा वेगळा उचलला जातो. जिथे जाल तिथे तो डबा कुठे आहे ते बघा. दिसला नाही तर विचारा.

तळहातावर किंवा बोटांवर मेथीदाणे चिकटवतात ते वेगळं, ती सुजोक नावाची कोरियन पद्धत. अपाय नाही. मी करत नाही.

बँकेत, टार्गेटच्या मीटिंगआधी करता येईल असं एक सांगते. डावा तळहात वर करा. मनगटाच्या पहिल्या रेषेवर उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, दोन उभ्या, दोरीसारख्या कडक शिरांच्या मधे (रक्तवाहिन्या नव्हेत), अंगठा टेकवा. शिरा दिसत नसतील तर मूठ आवळून मनगट किंचित वाकवा, वर येतील. हा नेइग्वान. मळमळीवर याचा पुरावा सगळ्यात चांगला आहे, म्हणून प्रवासात बस लागणाऱ्यांना याच जागेवरचे मनगटपट्टे विकतात. दुखेल इतका नाही, जड वाटेल इतका दाब, दीड-दोन मिनिटं, आणि श्वास घेताना चार मोजलेत तर सोडताना सहा-सात मोजा. मग उजवा हात. माझा संशय असा, की यातलं निम्मं काम तो लांबवलेला श्वास करतो. तरी अंगठा ठेवा. हात रिकामा असला की फोनकडे जातो.

आता मंगळवार. माझं दुकान नवीन होतं, तेव्हा एक तरुण मुलगा परीक्षेच्या घबराहटीसाठी आला. मी त्याला खुर्चीत बसवून दोन्ही हातांच्या अंगठ्याजवळ सुया लावल्या. दुसरी सुई जाते न जाते तोच त्याचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि मुलगा माझ्या अंगावर. सुया काढल्या, पाय वर केले, दोन मिनिटांत शुद्धीवर आला. पहिलं वाक्य काय, तर 'मॅडम, आज चतुर्थी आहे, सकाळपासून पाणीसुद्धा नाही.' बाहेर त्याची आई बसली होती, ती मला काय काय बोलली ते लिहीत नाही. उपाशी पोट, भीती आणि बसलेली स्थिती, तिन्ही एकत्र आलं की पहिल्या बैठकीत असं होतं. तेव्हापासून माझ्याकडे सगळे आडवे झोपतात, आणि मी दारातच विचारते, काय खाल्लंत?

तेव्हा ताई, साबुदाण्याची खिचडी खाणारा उपास असेल तर दीड-दोन तासांनी या. तुमचा निर्जळी असेल तर मंगळवार सोडून कुठलाही वार घ्या. येताना गोळीचं पाकीट आणि जुने रिपोर्ट आणा, सैल बाह्यांचा कुर्ता घाला, आणि परत घरी न्यायला मुलाला सांगून ठेवा.